सांगकाम्याची किल्ली : विसर्ग-दुरुस्तीच्या स्क्रिप्टच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२३, शनिवार

व्याख्यानांच्या पुस्तकाची ४१२ पानं मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मुक्त ग्रंथालयावर, चढवून झाली. लेखकाला जाऊन साठहून जास्त वर्षं झाली आहेत, त्यामुळे प्रताधिकाराची अडचण नाही. अडचण मजकुराची आहे. स्कॅनवरून अक्षरं ओळखताना यंत्राने जवळजवळ प्रत्येक विसर्गाच्या जागी कीबोर्डावरचं कोलन बसवलंय. दुःख असायला हवं तिथे दु:ख, स्वतः असायला हवं तिथे स्वत:. वाचताना फरक जाणवत नाही, पण शोधताना जाणवतो. 'दुःख' टाकलं की 'दु:ख' असलेली पानं हाती लागत नाहीत.

बाई गेले तीन आठवडे हे विसर्ग एकेक करून हाताने बदलतायत. आमच्या गटाचं मुद्रितशोधन त्यांच्यावरच उभं आहे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, आणि चष्म्याचा नंबर वाढलाय. त्यांची नजर अवघड, पुसट पानांसाठी राखून ठेवायला हवी. विसर्ग बदलणं हे सांगकाम्याचं काम आहे. मराठी विकिपीडियावर बॉटला, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रामला, सांगकाम्या म्हणतात आणि मला तो शब्द मनापासून आवडतो, कारण त्यात त्या यंत्राची सगळी मर्यादा आली.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहायला सुरुवात केली. दुरुस्तीच्या भागाचं मला फार वाटत नाही. आधी सोडवायचा प्रश्न हा की 'मी अमुक, मला पानं बदलायची परवानगी आहे' हे स्क्रिप्टने विकिस्रोताला सांगायचं कसं.

रात्री पहिला प्रयोग केला. नाव आणि पासवर्ड घरच्या लॅपटॉपवर डॉट-नेटआरसी नावाच्या फाइलीत लिहिले आणि कर्लला, म्हणजे वेब-विनंत्या पाठवणाऱ्या प्रोग्रामला, ती फाइल वाचायला सांगितली. कर्लने त्याचं 'बेसिक' पद्धतीचं हेडर, म्हणजे विनंतीच्या माथ्यावरची ओळ, करून पाठवलं. उत्तर व्यवस्थित आलं, पण 'मी कोण?' असं विचारल्यावर 'अनामिक' आलं. विकिस्रोत ज्यावर चालतं ते मीडियाविकी सॉफ्टवेअर ही पद्धत लॉगिनसाठी वापरतच नाही, हेडर आलं काय नि न आलं काय, त्याला सारखंच.

बेसिक पद्धतीबद्दल एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण गटातल्या मुलांना ती सांगावी लागणार आहे. नाव, कोलन, पासवर्ड असं जोडून त्याचं बेस-६४ रूपांतर करतात. बघायला ते कुलूप लावल्यासारखं दिसतं, पण कुलूप नसतं. दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात एवढंच, आणि एका ओळीच्या आज्ञेने ती कुणीही उलटवू शकतो. त्याचं रक्षण होतं ते फक्त बाहेरच्या, वाटेत मजकूर झाकून नेणाऱ्या एचटीटीपीएसच्या वेष्टनामुळे. आणि नाव-पासवर्डाच्या मधलं कोलन हीच सीमारेषा असल्यामुळे या पद्धतीत नावात कोलन चालत नाही, पासवर्डात चालतं. दिवसभर कोलनांशी झुंजल्यावर इथेही तेच भेटलं.

१० सप्टेंबर, रविवार

आज मीडियाविकीची स्वतःची पद्धत नीट वाचून घेतली. तीन पावलं आहेत. आधी एक साधी विनंती करून लॉगिन टोकन, म्हणजे सर्व्हरने दिलेली अक्षरांची खूण, मागायचं. त्या उत्तराबरोबर सेशनची, म्हणजे या भेटीची ओळख लक्षात ठेवणारी, कुकी येते, ती जपायची. मग त्याच कुकीसह नाव, पासवर्ड आणि टोकन पोस्ट करायचं, म्हणजे विनंतीच्या पोटात घालून पाठवायचं. आत गेल्यावर बदल जतन करण्यासाठी आणखी एक वेगळं टोकन मागून घ्यायचं.

पहिल्यांदा पोस्टचा मजकूर मी अक्षरांना अक्षरं जोडून हाताने बनवला. माझ्या पासवर्डात ॲम्परसँड आहे. फॉर्मच्या मजकुरात ॲम्परसँड म्हणजे 'हा रकाना संपला, पुढचा सुरू', त्यामुळे माझा पासवर्ड तिथेच तुटला आणि उरलेला अर्धा भाग नव्या रकान्याचं नाव होऊन गेला. तो दुरुस्त केला तर टोकन चुकीचं म्हणून उत्तर आलं. टोकनच्या शेवटी बेरजेचं चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ असते, आणि फॉर्मच्या मजकुरात बेरजेचं चिन्ह म्हणजे मोकळी जागा. मीडियाविकीच्या मूळ कोडातल्या टिपेत लिहिलंय की ही दोन चिन्हं शेपटाला मुद्दाम लावली आहेत, म्हणजे मध्ये एखादा बिघडलेला मध्यस्थ मजकुराची मोडतोड करत असेल तर टोकन जुळणार नाही आणि पानाची नासाडी होण्याआधीच काम थांबेल. किती लांबचा विचार केलाय! माझी स्क्रिप्टही तशीच मोडतोड करत होती आणि त्या दोन चिन्हांनी तिला अडवलं.

मग हाताने जोडणं सोडून दिलं आणि सगळं रिक्वेस्ट्स या विनंत्या पाठवणाऱ्या पायथनच्या तयार लायब्ररीकडे सोपवलं. तिथे आजची मोठी चूक झाली. 'डेटा' लिहायच्या ऐवजी 'पॅराम्स' लिहिलं. एका शब्दाचा फरक, पण त्याने नाव आणि पासवर्ड दोन्ही पोस्टच्या पोटात न जाता थेट पत्त्याच्या ओळीत गेले. मीडियाविकीने साफ नाकारलं: हा रकाना पत्त्यात सापडला, तो पोस्टच्या मजकुरातच हवा.

नकार मिळाला म्हणून हायसं वाटलं खरं, पण अर्ध्या मिनिटाने लक्षात आलं की नकार येईपर्यंत विनंती तिथे पोचलेली होती. वाटेत कुणी वाचली नसेल, एचटीटीपीएसमध्ये पत्त्याचा तो भागही झाकलेला असतो. पण पत्त्याच्या ओळी सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिल्या जाण्याची रीत सगळीकडे आहे, पोस्टच्या पोटातला मजकूर सहसा लिहिला जात नाही. लगेच पासवर्ड बदलला. जेवण थांबवून बदलला, कारण 'नंतर बघू' म्हटलं की ते राहतं.

संध्याकाळी सेशन वापरून तिन्ही पावलं जुळली आणि 'सक्सेस' हा शब्द दिसला. सोबत इशाराही आला: मुख्य खात्याच्या पासवर्डाने अशा तऱ्हेने लॉगिन करणं मोडीत काढलंय, ते कधीही न सांगता बंद पडू शकतं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

इशारा मनावर घेतला. सांगकाम्यासाठी वेगळं खातं उघडलं, नाव देवनागरीत ठेवलं. त्या खात्यात बॉट पासवर्ड, म्हणजे फक्त स्क्रिप्टसाठीचा वेगळा पासवर्ड, तयार केला. तो ३२ अक्षरांचा असतो, फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि अंक, त्यामुळे ॲम्परसँड नि बेरीज-चिन्हांची भानगड मुळात उरत नाही. तो एकदाच दाखवतात, पान बंद केलं की गेला. हरवला तर नवा घ्यायचा.

मला सगळ्यात पटलं ते परवानग्यांचं पान. प्रत्येक परवानगीपुढे चौकट आहे. मी 'असलेली पानं संपादित करणं' एवढ्यावरच खूण केली. नवी पानं बनवणं नाही, पानांची नावं बदलणं नाही, खात्याच्या आवडीनिवडी बदलणं नाही. उद्या ही किल्ली कुणाच्या हाती लागली तर त्याला असलेल्या पानांचा मजकूर बिघडवता येईल, त्यापलीकडे फार काही नाही, आणि पानांच्या इतिहासातून तेही उलटवता येईल. माझा स्वतःचा पासवर्ड स्क्रिप्टला देणं म्हणजे कपाटातून एक वही आणायला पाठवलेल्याच्या हातात अख्ख्या घराचा जुडगा देणं होतं. परवापर्यंत मी तेच करत होतो.

ठरावीक आयपी पत्त्यावरूनच चालेल अशीही अट घालता येते. ती घालावीशी वाटली, पण स्क्रिप्ट वाचनालयातल्या संगणकावर चालवायची आहे आणि तिथल्या इंटरनेटचा पत्ता बदलत राहतो. सोडून दिलं.

एक किरकोळ अडखळण. विकिस्रोत चालवणाऱ्या विकिमीडियाचा नियम आहे की स्क्रिप्टने यूजर-एजंट हेडरमध्ये आपली ओळख आणि संपर्काची सोय द्यावी. मी हौसेने देवनागरी नाव घातलं आणि पायथन थांबलं. हेडर लॅटिन-१ या रोमन लिपीपुरत्या अक्षरसंचात रूपांतरित होतात आणि त्यात देवनागरी बसत नाही. पोस्टच्या मजकुरात तेच नाव सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ मधून बिनतक्रार जातं. हेडरपुरतं नाव रोमन लिपीत लिहिलं. वाईट वाटलं थोडं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

दुरुस्तीचा भाग सोपा वाटला होता, तो सोपा नाही. 'दोन देवनागरी अक्षरांमधलं कोलन म्हणजे विसर्ग' हा नियम करून कोरडी चाचणी घेतली, जतन न करता. विकीच्या 'वर्ग:' आणि 'चित्र:' या खुणांतल्या कोलनांचाही विसर्ग झाला, म्हणजे पानाची वर्गवारीच तुटली असती. १०:३० या वेळेतही विसर्ग शिरला, कारण देवनागरी अंक त्याच अक्षरपट्टीत येतात. शेवटी नियम टाकून शब्दांची यादी केली: स्वतः, दुःख, विशेषतः, अंतःकरण, प्रातःकाळ, निःशंक. बाईंनी फोनवर यादीत आणखी ३७ शब्द घातले आणि म्हणाल्या, "यादीत नाही ते माझ्याकडे पाठव, यंत्राला ठरवू देऊ नकोस." तसंच ठेवलंय.

१६ सप्टेंबर, शनिवार

ग्रंथपाल सरांनी वाचनालयातला जुना संगणक रात्री चालू ठेवायला परवानगी दिली. त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे, माझं वेगळं खातं आहे, पण दिवसा त्यावर अभ्यासिकेतली मुलंही त्यांच्या खात्यांतून बसतात. म्हणून पासवर्ड ठेवायचा कुठे, याचा विचार नीट करावा लागला.

आज्ञेच्या ओळीत लिहिला तर? स्क्रिप्ट चालू असताना त्याच संगणकावरचा दुसरा माणूस पीएस ही आज्ञा देऊन चालू कामांच्या पूर्ण ओळी बघू शकतो. हे मी सरांना प्रत्यक्ष दाखवलं. खोटा पासवर्ड देऊन स्क्रिप्ट सुरू केली, सरांना त्यांच्या खात्यातून पीएस चालवायला सांगितलं. त्यांच्या पडद्यावर नाव, पासवर्ड, सगळं ओळीत उभं. सर म्हणाले, "म्हणजे हे फळ्यावर लिहून ठेवल्यासारखंच की!" शिवाय टंकलेली आज्ञा शेलच्या इतिहासाच्या फाइलीत राहते ते वेगळंच.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाजूने दिलेली माहिती, जरा बरं, दुसऱ्या साध्या खात्याला ते दिसत नाही. आधी तेच केलं, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या माझ्या बॅशच्या फाइलीत ओळ घातली. हाताने चालवलं तर ठीक. ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉनवर लावून पाहिलं तर पासवर्ड सापडेना. क्रॉन आपली ती फाइल वाचत नाही, अगदी मोजक्या गोष्टी घेऊन काम सुरू करतं. त्यात नोंदीच्या फाइलीच्या नावात तारीख यावी म्हणून टक्क्याचं चिन्ह घातलं होतं, आणि क्रॉनच्या ओळीत टक्का म्हणजे 'ओळ संपली'. टक्क्यामागे उलटी तिरकी रेघ दिली तेव्हा सुटलं.

शेवटी पासवर्ड एका वेगळ्या फाइलीत ठेवला, परवानगी ६००, म्हणजे मी सोडून कुणीही साधं खातं ती वाचू शकत नाही. प्रशासकाचा पासवर्ड असलेला माणूस वाचू शकतो, आणि तो सरांकडे आहे. सरांवर माझा विश्वास आहे आणि किल्ली लहान आहे. या दोन गोष्टी मिळून मला पुरेशा वाटतात.

रात्री साडेबाराची वेळ लावली. पहिल्या खेपेला १४ पानं.

१७ सप्टेंबर, रविवार

सकाळी आठला बाईंचा फोन. "अरे, पानांच्या इतिहासात हे नुसते आकडे कोण आलेत? सांगकाम्याचं नाव दिसत नाही."

उघडून पाहिलं. चौदाच्या चौदा पानं दुरुस्त झालेली, विसर्ग बरोबर, एकही चूक नाही. आणि प्रत्येकापुढे खात्याच्या नावाऐवजी वाचनालयाच्या इंटरनेटचा आयपी पत्ता. लॉगिन झालंच नव्हतं. स्क्रिप्टने अनामिक म्हणून सगळी पानं जतन केली होती.

ज्यांनी त्या वाचनालयाच्या जोडणीचा भरवसा माझ्यावर टाकला, त्यांचा पत्ता मी जगापुढे मांडला. हे मला फार लागलं. नकळत बाहेर पडलेला आयपी पत्ता इतिहासातून झाकण्याची विकिमीडियावर सोय आहे. त्या अधिकाऱ्यांना चौदा बदलांचे दुवे खाजगी मेलने पाठवले. सगळ्यांसमोर लिहायचं नाही एवढं भान राहिलं, नाहीतर जे झाकायचं त्याचीच दवंडी पिटल्यासारखं झालं असतं. सरांना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "चूक कुठे झाली ते शोध, मग चालू कर," एवढंच म्हणाले.

१८ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसातून आल्यावर बसलो, रात्री अकरापर्यंत कारण सापडलं. कारणं दोन आहेत, एकात एक अडकलेली.

पहिलं. लॉगिन का फसलं? पासवर्डाचा मजकूर नोंदीत छापायचा नाही असं ठरवलंय, म्हणून फक्त लांबी छापली. ३३ आली. असायला हवी ३२. नॅनो या लेखन-प्रोग्राममध्ये फाइल जतन केली की शेवटी नव्या ओळीचं अदृश्य चिन्ह बसतं, आणि मी फाइल जशीच्या तशी वाचून पाठवत होतो. पासवर्ड अधिक एक रिकामी ओळ. वाचताना कडा छाटायची एक आज्ञा घातली, ३२ आली, लॉगिन झालं.

दुसरं कारण जास्त गंभीर. लॉगिन फसलं हे स्क्रिप्टला कळलं कसं नाही? कारण मी फक्त उत्तराबरोबर येणारा एचटीटीपीचा आकडा तपासत होतो आणि तो २००, म्हणजे 'ठीक', होता. मीडियाविकी नकारही २०० मध्येच देतो, खरा निकाल आतल्या मजकुरात असतो. 'उत्तर पोचलं' याला मी 'आत घेतलं' समजलो. पुढच्या पावलावर तरी ते समजायला हवं होतं. नोंदीत जतनाच्या टोकनचा मजकूर छापलेला होता: बेरजेचं चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ, बस्स. आत गेलेल्याला लांबलचक टोकन मिळतं, अनामिकाला नुसती ती दोन चिन्हं. परवा ज्या चिन्हांचं मी कौतुक केलं होतं तीच नोंदीत माझ्याकडे बघत होती आणि मला वाचता आली नाहीत.

शोधाशोधीत आणखी एक भोक सापडलं. लॉगिन फसलं तर पुन्हा प्रयत्न कर, दहा वेळा, असं मी लिहून ठेवलं होतं, पण ते नेटवर्क तुटण्यासाठी होतं. चाचणी घेताना ते चुकीच्या पासवर्डावरही फिरू लागलं आणि 'फार प्रयत्न झाले, पाच मिनिटं थांबा' असं उत्तर आलं. मीडियाविकीची मूळ मर्यादा ५ मिनिटांत ५ प्रयत्नांची आहे. चुकीचा पासवर्ड दुसऱ्या वेळी बरोबर होत नाही. आता लॉगिन नाकारलं गेलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि मला मेल करते.

आणि मुख्य दुरुस्ती: आता लॉगिननंतरच्या प्रत्येक विनंतीबरोबर 'असर्ट-यूजर' हा रकाना सांगकाम्याच्या नावानिशी जातो. मधेच सेशन संपलं, कुकी हरवली, काहीही झालं, तरी विनंती त्या नावाची नसेल तर मीडियाविकी ती जतन करत नाही, चूक परत पाठवतो. तपासणी माझ्या स्क्रिप्टवर न सोडता पलीकडच्या दाराशी होते. हे पहिल्या दिवशी हवं होतं.

१९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती बसले. आज काम नाही. दुपारी मेल आला, चौदाही ठिकाणचा पत्ता झाकला गेलाय. सरांना कळवलं.

२३ सप्टेंबर, शनिवार

तीन रात्री व्यवस्थित गेल्या, १२० पानं झाली. काल रात्री मात्र काहीच नाही. नोंदीत साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची चूक: 'प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.'

विकिस्रोताचं प्रमाणपत्र ठणठणीत आहे, लॅपटॉपवरून बघितलं. मग संगणकाच्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१०. संध्याकाळी वीज गेली होती. मदरबोर्डावरचा घड्याळाचा सेल संपलाय, त्यामुळे वीज गेली की संगणक आपला जन्मकाळ धरून बसतो, आणि नेटवरून वेळ जुळवणारी सेवा कधीची बंद होती. २०१० सालच्या डोळ्यांनी पाहिलं तर २०२३ चं प्रमाणपत्र भविष्यातलंच.

या चुकीवर झटपट उपाय म्हणून सगळीकडे एकच ओळ सुचवलेली दिसते: प्रमाणपत्राची तपासणी बंद करा. ती ओळ घातली असती तर काल रात्री स्क्रिप्ट चाललीही असती. पण तपासणी बंद म्हणजे पलीकडे कोण आहे हे न विचारता पासवर्ड हातात देणं. त्याच वायफायवर अभ्यासिकेतली चाळीस मुलं असतात. वाईट हेतूचा एकच कुणी पुरे. ती ओळ घातली नाही. सीआर २०३२ चा सेल ४० रुपयांना मिळाला, तो बसवला, वेळ जुळवणारी सेवा चालू केली. जुना सेल खोबणीतून निघत नव्हता, सरांनी कापडी टेपचा तुकडा चिकटवून अलगद ओढून काढला.

१ ऑक्टोबर, रविवार

दुसऱ्या एका वाचनालयातल्या गटाला ही स्क्रिप्ट हवी आहे. कोड सगळ्यांसाठी ठेवण्याच्या गिटहब या साइटवर टाकण्याआधी गिटचा, म्हणजे कोडातले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रामचा, जुना इतिहास चाळला, आणि १० सप्टेंबरच्या पहिल्याच नोंदीत माझा मुख्य पासवर्ड सरळ लिहिलेला सापडला. नंतरच्या नोंदीत ती ओळ काढली होती, पण गिटमध्ये काढलेली ओळही मागच्या पानावर शाबूत असते. पासवर्ड त्याच दिवशी बदलल्यामुळे धोका नाही. तरी जुना इतिहास पाठवला नाही, स्वच्छ कोऱ्या जागेत आजची प्रत टाकून नव्याने सुरुवात केली. पासवर्डाच्या फाइलीचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, पहिल्या नोंदीच्या आधी घातलं.

गिटहबवर चढवायलाही टोकन लागलं. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटसाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही. सगळीकडे वारं याच दिशेला आहे: पासवर्ड माणसाने स्वतः टंकावा, यंत्राला वेगळी, मर्यादित आणि काढून घेता येणारी किल्ली द्यावी.

२ ऑक्टोबर, सोमवार

गांधी जयंतीची सुट्टी. बॉट पासवर्डावरून ओऑथवर, म्हणजे पासवर्डाऐवजी मर्यादित किल्ली देण्याच्या पद्धतीवर, जायचं ठरवलं. 'फक्त मालकासाठी' असा प्रकार सगळ्या विकींच्या सामायिक मेटा-विकीवर नोंदवता येतो, त्याला कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, आणि तो एकाच विकीपुरता बांधताही येतो. मी मराठी विकिस्रोतापुरता बांधला. आता लॉगिन टोकन नाही, लॉगिनची पोस्ट नाही. एक लांबलचक किल्ली 'बेअरर' या शब्दासह प्रत्येक विनंतीच्या ऑथरायझेशन हेडरमध्ये जाते. जतनाचं टोकन मात्र पूर्वीसारखंच मागावं लागतं. स्क्रिप्टमधल्या ४० ओळी गेल्या.

वाचनालयातल्या संगणकावर तपासलं, चाललं. घरी लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट, तीच किल्ली, आणि उत्तर: 'असर्ट' फसलं, तुम्ही लॉगिन केलेलं नाही. दोन तास गेले, कळेना.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं. ९ सप्टेंबरची डॉट-नेटआरसी फाइल!

बेसिकचा प्रयोग फसल्यावर ती लॅपटॉपवर तशीच राहिली होती. रिक्वेस्ट्स लायब्ररीची सवय अशी की आपण ऑथ वेगळं दिलं नसेल तर ती घरच्या फोल्डरातली ही फाइल आपणहून उघडते, आणि पत्ता जुळला तर त्यातल्या नाव-पासवर्डाचं बेसिक हेडर बनवते. आपण हाताने ठेवलेलं ऑथरायझेशन हेडर त्याखाली पुसलं जातं. माझी नवी किल्ली घराबाहेर पडतच नव्हती, तिच्या जागी महिन्याभरापूर्वीचा मेलेला पासवर्ड जात होता.

म्हणजे लॅपटॉपवरून केलेल्या सगळ्या चाचण्यांत, इतके दिवस, प्रत्येक विनंतीबरोबर तो जुना पासवर्ड विकिस्रोताकडे गेला. विकिस्रोत त्याकडे बघत नव्हता, म्हणून कधी कळलं नाही. पासवर्ड आधीच बदललेला, पाठवला तोही त्याच साइटकडे, एचटीटीपीएसच्या आत, म्हणून नुकसान शून्य. पण मी न सांगता माझ्या नावाने काहीतरी जात होतं, हे वाचून पोटात गोळा आला.

फाइल उडवली. स्क्रिप्टमध्ये सेशनला सांगितलं की आजूबाजूच्या वातावरणातलं काही उचलू नकोस. त्यासाठी 'ट्रस्ट-एन्व्ह' बंद करायचं. दुसऱ्या गटाच्या संगणकावर अशी फाइल आहे की नाही हे मला कधीच कळणार नाही, म्हणून ही ओळ प्रतीतच असायला हवी.

एक बघून बरं वाटलं. १७ सप्टेंबरला हीच अवस्था, म्हणजे लॉगिन नसलेली स्क्रिप्ट, १४ पानं जतन करून बसली होती. काल तिने एकही पान जतन केलं नाही. बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता सांगकाम्या आधी स्वतःचं नाव सांगतो, मग काम करतो. शाळेत मुलांना हेच शिकवायला दोन महिने लागायचे."

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुसऱ्या गटाने स्वतःचं खातं, स्वतःची किल्ली घेऊन स्क्रिप्ट चालवली. त्यांनी आधी माझीच किल्ली मागितली होती, "तात्पुरती द्या, नंतर आमची करू" म्हणून. दिली नाही. फोनवर बसून त्यांच्याकडून त्यांची करून घेतली, वीस मिनिटं लागली. आता त्यांची किल्ली बंद करायची झाली तर आमचं काम थांबणार नाही, आणि कुठल्या पानाला कुणी हात लावला हे नावावरून दिसेल.

२२ ऑक्टोबर, रविवार

४१२ पानं पूर्ण. यादीतले शब्द सांगकाम्याने बदलले, यादीबाहेरची ५८ ठिकाणं बाईंकडे गेली. त्यातलं एक म्हणजे 'छे:'. ते छापखान्याचं कोलन की लेखकाचा विसर्ग, यावर बाई आणि सर दोघं स्कॅनवर भिंग धरून बसले होते. विसर्ग ठरला.

उद्या खंडेनवमी, वाचनालयातल्या संगणकाची पूजा आहे, तेव्हा आज रात्रीची क्रॉनची ओळ काढली. सांगकाम्याला पुढचं पुस्तक मिळेपर्यंत किल्लीची गरज नाही, म्हणून मेटा-विकीवर जाऊन ती रद्द केली. संगणकावरची फाइल पुसण्याआधी स्क्रिप्ट एकदा मुद्दाम चालवून पाहिली. पहिल्याच विनंतीला नकार आला, ती थांबली, आणि मला मेल आला.